लॉगिन तपासताना लहान-मोठ्या अक्षरांचा भेद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या फोंडा, डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतील वाचनालये, पतसंस्था आणि शाळा यांच्या संकेतस्थळांची देखभाल करताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते उत्तरांसह येथे एकत्र दिले आहेत. यातील बहुतेक संकेतस्थळे पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हे डेटाबेस यांवर चालतात, म्हणून उत्तरांचा भर त्यांवर आहे. आज्ञांची आणि कोलेशनची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीतच द्यावी लागतात.

पासवर्डमधील कॅपिटल अक्षर चुकले तरी आमच्या संकेतस्थळावर लॉगिन होते. हे कशामुळे होते?

दोन शब्द सारखे आहेत की वेगळे, हे डेटाबेस ज्या नियमावलीने ठरवतो तिला कोलेशन म्हणतात. कोलेशनच्या नावाच्या शेवटी 'सीआय' असेल तर त्या नियमावलीच्या दृष्टीने मोठा 'ए' आणि लहान 'ए' हे एकच अक्षर असते. 'सीएस' असेल तर भेद पाळला जातो आणि 'बिन' असेल तर अक्षरांऐवजी त्यांचे आकडेच जुळवून पाहिले जातात. मायएसक्यूएलचे मूळ कोलेशन पूर्वी 'लॅटिन१_स्वीडिश_सीआय' होते, कारण ती कंपनी स्वीडनची होती, ८.० या आवृत्तीपासून ते 'यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय' झाले. म्हणजे आपण काहीही न सांगता तक्ता तयार केला, तर त्यात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद होत नाही.

एका वाचनालयात ग्रंथपाल बाईंनी ही गोष्ट स्वतःच हेरली होती. त्यांचा तेव्हाचा पासवर्ड म्हणजे रोमन लिपीतले एका नदीचे नाव, पहिले अक्षर मोठे आणि पुढे चार आकडे. त्या दिवशी कॅप्स लॉकचा दिवा चालू राहिला होता, ठिपक्यांमागे सगळी अक्षरे मोठी उमटली होती, आणि तरीही सदस्यांची यादी उघडली. "म्हणजे आमचे कुलूप कुठल्याही किल्लीने उघडते की काय?" असे त्यांनी मला विचारले. मी पीएचपीमायॲडमिन हे डेटाबेस पाहण्याचे साधन उघडून तक्त्याची रचना पाहिली. पासवर्डच्या कॉलमपुढे 'यूटीएफ८एमबी४_जनरल_सीआय' लिहिलेले होते, म्हणजे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. पण शेजारच्या टॅबवर गेल्यावर त्याच कॉलममध्ये चारशेच्या आसपास सदस्यांचे पासवर्ड जसेच्या तसे, वाचता येतील असे दिसत होते. खरी काळजीची गोष्ट ती होती, आणि या पानावरील बरीचशी उत्तरे तिच्याकडेच वळतात.

सर्वच डेटाबेस असे वागतात का?

नाही. पोस्टग्रेसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूलाइट बरोबरीच्या चिन्हाने तुलना करताना मुळातच लहान-मोठा भेद पाळतात. एसक्यूएल सर्व्हर बसवताना सहसा 'सीआय' असलेले कोलेशन येते, आणि भेद हवा असल्यास 'लॅटिन१_जनरल_सीएस_एएस' यासारखे कोलेशन निवडावे लागते. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये साध्या तुलनेत भेद होतच नाही. तेथे 'स्ट्रकॉम्प' हे फंक्शन तिसऱ्या जागी शून्य देऊन वापरावे लागते. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर संकेतस्थळ हलवल्यानंतर काही सदस्यांचे लॉगिन अचानक बंद पडले, तर आधी हा फरक तपासावा. वर्षानुवर्षे नाव लहान अक्षरांत टंकणाऱ्या माणसाला आपण चुकत होतो हे कधी कळलेलेच नसते.

तक्ता न बदलता, केवळ क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, भेद कसा पाळावा?

'व्हेअर'च्या अटीत कॉलमच्या नावापुढे 'कोलेट यूटीएफ८एमबी४_बिन' असे लिहिले की तेवढ्या तुलनेपुरता भेद पाळला जातो. कॉलमचा कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ८एमबी४ असेल तरच हे कोलेशन चालते; कॉलम जुना लॅटिन१ असेल तर त्याच कुटुंबातले 'लॅटिन१_बिन' द्यावे लागते. जुन्या लेखांत आणि उत्तरांत कॉलमच्या आधी 'बायनरी' हा शब्द लिहिण्याचा सल्ला आढळतो. तो अजून चालतो, पण मायएसक्यूएल ८.०.२७ पासून ती रीत बाद होण्याच्या वाटेवर असल्याचे जाहीर झाले आहे, म्हणून नव्या कामात ती वापरू नये.

अशी अट कॉलमवर लावली की त्या कॉलमचा इंडेक्स, म्हणजे शोध वेगाने होण्यासाठी ठेवलेली सूची, नीट वापरला जात नाही. चारशे सदस्यांच्या वाचनालयाला ते जाणवणार नाही, पण मोठ्या पतसंस्थेला जाणवेल. त्यावर साधा तोडगा असा, की दोन्ही अटी 'अँड'ने जोडून द्याव्यात : पहिली नेहमीची तुलना, जी इंडेक्सच्या मदतीने एकदोन ओळी शोधून काढते, आणि दुसरी 'बिन' कोलेशनची, जी त्या एकदोन ओळींनाच काटेकोरपणे तपासते.

त्यापेक्षा कॉलमचेच कोलेशन बदललेले बरे नाही का?

ज्या कॉलममध्ये भेद कायमच पाळायचा आहे, उदाहरणार्थ पासवर्ड बदलण्यासाठी ईमेलने पाठवलेल्या दुव्यातील सांकेतिक अक्षरमाला, त्याच्यासाठी हेच योग्य आहे. मात्र येथे तीन ठिकाणी हमखास चुका होतात. 'ऑल्टर टेबल'मध्ये तक्त्याचे कोलेशन बदलले तर तो बदल पुढे जोडल्या जाणाऱ्या कॉलमना लागू होतो, आधीचे कॉलम तसेच राहतात. त्यांच्यासाठी 'कन्व्हर्ट टू' किंवा प्रत्येक कॉलमसाठी 'मॉडिफाय' वापरावे लागते. 'मॉडिफाय' वापरताना कॉलमची संपूर्ण व्याख्या पुन्हा लिहावी लागते, आणि 'नॉट नल' किंवा डिफॉल्ट लिहायचे राहिले तर ते गुपचूप नाहीसे होते. तिसरी गोष्ट म्हणजे एका तक्त्यात 'बिन' आणि दुसऱ्यात 'सीआय' असताना ते कॉलम एकमेकांशी जोडणाऱ्या अहवालांत 'बिन'चाच नियम लागू होतो, आणि लहान-मोठ्या अक्षरांत वेगळ्या लिहिलेल्या ओळी वर्षअखेरीच्या अहवालातून कोणालाही न कळता गळतात. बदल करण्याआधी डेटाबेसची प्रत काढून ठेवावी, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

पासवर्डचा कॉलम 'बिन' केला, आता कॅप्स लॉक चालत नाही. काम झाले ना?

झाले नाही, आणि हे मला अत्यंत कळकळीने सांगावेसे वाटते. पासवर्ड हॅश करून, म्हणजे मूळ शब्द परत काढता येणार नाही अशा सांकेतिक मजकुरात बदलून, साठवला असता तर कोलेशन कोणतेही असले तरी कॅप्स लॉक लावून लॉगिन झालेच नसते, कारण एक अक्षर जरी लहानाचे मोठे झाले तरी संपूर्ण हॅश बदलतो. याचा अर्थ असा, की कॅप्स लॉक लावून लॉगिन होत असेल तर जवळजवळ नेहमीच पासवर्ड उघडा साठवलेला असतो, किंवा हॅश करण्याआधी कोणीतरी कोडमध्ये सगळी अक्षरे लहान करून टाकलेली असतात. कॉलम 'बिन' केल्याने ही खूण झाकली जाते. दुखणे तसेच राहते. डेटाबेसची एक प्रत चोरीला गेली तर चारशे पासवर्ड वाचता येतात, आणि त्यांतले कित्येक त्याच माणसांच्या ईमेलचे आणि बँकेचेही असतात.

पासवर्डची तुलना डेटाबेसमध्ये करूच नये. क्वेरीने फक्त नावावरून ती ओळ आणावी आणि पासवर्ड पीएचपीच्या 'पासवर्ड_व्हेरिफाय' या फंक्शनकडे सोपवावा. 'पासवर्ड_हॅश' आणि 'पासवर्ड_व्हेरिफाय' ही जोडी २०१३ मध्ये आलेल्या पीएचपी ५.५ पासून भाषेतच आहे, त्यामुळे त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. प्रत्येक हॅशमध्ये निराळा सॉल्ट, म्हणजे कशीही निवडलेली जादा अक्षरे, मिसळलेला असतो, म्हणून दोन सदस्यांचा पासवर्ड एकच असला तरी त्यांचे हॅश वेगळे दिसतात, आणि म्हणूनच 'व्हेअर पासवर्ड बरोबर अमुक' अशी क्वेरी येथे चालत नाही. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद येथे आपोआप पाळला जातो. बीक्रिप्ट या हॅश करण्याच्या पद्धतीचा हॅश ६० अक्षरांचा असतो. कॉलम ५० अक्षरांचा राहिला आणि डेटाबेसने तो मुकाट्याने कापला तर कोणाचेच लॉगिन होत नाही, म्हणून कॉलम २५५ अक्षरांचा ठेवावा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याने लोकांची माहिती सांभाळणाऱ्यांवर वाजवी सुरक्षा उपाय योजण्याची जबाबदारी टाकली आहे. पण कायदा नसता तरी, ज्या सदस्याने विश्वासाने आपला पासवर्ड आपल्याकडे ठेवला त्याचे देणे आपल्यावर होतेच.

आधीचे पासवर्ड उघडे साठवलेले आहेत. सदस्यांना त्रास न देता ते हॅश कसे करावेत?

उघड्या पासवर्डच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण मूळ शब्द आपल्याजवळच असतात. नवा कॉलम जोडावा, एका लहान स्क्रिप्टने प्रत्येक ओळीचा हॅश त्यात भरावा, लॉगिनचा कोड नव्या कॉलमकडे वळवावा, दोन-तीन खात्यांवर तपासून पाहावे आणि त्याच दिवशी जुना कॉलम काढून टाकावा. 'राहू दे, कधीतरी लागेल' असे म्हणून जुना कॉलम ठेवू नये. होस्टिंगच्या फोल्डरमध्ये आणि कार्यालयातील संगणकावर पडलेल्या डेटाबेसच्या जुन्या प्रतीही शोधून पुसाव्यात. मला अशा प्रती जनतेला उघड्या असलेल्या फोल्डरमध्ये सापडलेल्या आहेत.

पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीने हॅश करून साठवलेले असतील तर मूळ शब्द हाती नसतात. अशा वेळी साठवलेल्या एमडी५वरच बीक्रिप्टचा थर चढवावा, तशी खूण ओळीत ठेवावी, आणि सदस्य पुढच्या वेळी लॉगिन करील तेव्हा त्याने दिलेल्या शब्दाचा थेट हॅश घेऊन जुना बदलावा.

ज्येष्ठ सदस्यांच्या सोयीसाठी पासवर्डमध्ये हा भेद मुद्दाम न पाळला तर काय बिघडते?

आठ अक्षरांचा, केवळ लहान अक्षरांचा पासवर्ड घेतला तर सुमारे २०,८८३ कोटी जोड्या होतात. लहान आणि मोठी दोन्ही अक्षरे धरली तर त्या सुमारे ५३.४६ लाख कोटी होतात, म्हणजे बरोबर २५६ पट. ही सगळी वाढ सोडून देण्याइतकी सोयीची निकड नसते. ज्येष्ठांच्या अडचणीवर दुसरे उपाय आहेत आणि ते अधिक चांगले आहेत : पासवर्ड दाखवण्यासाठी डोळ्याचे चिन्ह द्यावे, कॅप्स लॉक चालू असल्यास चौकटीखाली मराठीत तशी सूचना यावी, आणि चार साध्या शब्दांचा लांब पासवर्ड चालू द्यावा. कॅप्स लॉकची सूचना ब्राउझरच्या 'गेटमॉडिफायरस्टेट' या सोयीने चार ओळींत देता येते.

मग वापरकर्ता नावातही हा भेद पाळावा का?

माझे मत स्पष्ट आहे : पाळू नये. पासवर्ड हे गुपित आहे, नाव ही ओळख आहे. मोबाइलचा कीबोर्ड ओळीचे पहिले अक्षर आपणहून मोठे करतो, आणि आपले नाव बरोबर टंकलेल्या माणसाला 'असे खाते नाही' हे उत्तर मिळते. त्याहून गंभीर म्हणजे नावात भेद पाळला की लहान अक्षरांतले 'ॲडमिन' आणि पहिले अक्षर मोठे असलेले 'ॲडमिन' ही दोन वेगळी खाती होऊ शकतात, आणि दुसरे खाते उघडणारा माणूस पहिल्याच्या नावाने निरोप पाठवू शकतो.

मायएसक्यूएलमध्ये नावाचा कॉलम 'सीआय' ठेवून त्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे तेच नाव दोनदा येऊ न देणारा इंडेक्स, द्यावा. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये 'लोअर' फंक्शनवर युनिक इंडेक्स करावा किंवा 'सीआयटेक्स्ट' हा प्रकार वापरावा. आधी भेद पाळणारा कॉलम आता 'सीआय' करायचा असेल तर दुहेरी नावे अगोदर शोधावीत, नाहीतर युनिक इंडेक्स अडून बसतो.

ईमेल पत्ता हेच नाव असेल तर?

ईमेलच्या देवाणघेवाणीचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ५३२१ या दस्तऐवजाप्रमाणे पत्त्यातील 'ॲट' या चिन्हाच्या अलीकडचा भाग तत्त्वतः भेद पाळणारा असू शकतो, पलीकडचे डोमेन मात्र नाही. व्यवहारात मेल सेवा भेद करीत नाहीत. सदस्याने दिला तसा पत्ता पत्र पाठवण्यासाठी जपावा आणि जुळवताना भेद सोडावा.

गोव्यातील आडनावांमुळे काही वेगळे प्रश्न येतात का?

येतात, आणि बाहेरून घेतलेल्या तयार सॉफ्टवेअरला ते ठाऊक नसतात. डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत कोणी मोठा 'डी', वर स्वल्पविरामासारखी खूण आणि पुन्हा मोठा 'एस' असे लिहितो, कोणी खूण गाळतो, कोणी मध्ये जागा सोडतो. 'सीआय' कोलेशन मधल्या मोठ्या 'एस'चा प्रश्न सोडवते, पण खुणेचा आणि जागेचा नाही. उलट, क्वेरी तुकडे जोडून लिहिलेली असेल तर तीच खूण क्वेरी मोडून टाकते, आणि जी क्वेरी डिसोझांच्या नावाने मोडते ती घुसखोरालाही मोडता येते. ठरवून दिलेल्या जागी मूल्य बांधणारी, म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरणारी क्वेरी हाच त्यावरचा उपाय आहे.

पोर्तुगीज वळणाने लिहिलेल्या नावांत अक्षरांवर लाटेसारखी किंवा तिरकी खूण असते. कोलेशनमध्ये 'एआय' असेल तर खुणेसह लिहिलेले जुआंव आणि खुणेविना लिहिलेले जुआंव एकच ठरतात. लॉगिनच्या नावासाठी हे सोयीचे आहे, कारण सगळ्यांच्या कीबोर्डवर त्या खुणा सहज सापडत नाहीत. सदस्यांच्या नोंदवहीत मात्र आजोबा आणि नातू यांची नावे केवळ खुणेने वेगळी लिहिलेली असू शकतात, म्हणून तेथे ओळख पटवण्यासाठी सदस्य क्रमांकच वापरावा.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. मग मराठी नावांना आणि पासवर्डना ही अडचण नाही, असे समजावे का?

भेद नाही हे खरे, पण देवनागरीची स्वतःची अडचण आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधीची सवय म्हणजे 'अ' टंकून त्यावर अर्धचंद्र देणे, म्हणजे 'अॅ'. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे असतात, आणि युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणीकरणही त्यांना एक करीत नाही. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा 'र' तर नुक्त्याच्या 'ऱ'नेही लिहिता येतो आणि साध्या 'र'पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत घालूनही. एक कीबोर्ड पहिली रीत वापरतो, दुसरा दुसरी. अशा शब्दाचा पासवर्ड घरच्या संगणकावर ठेवला आणि मोबाइलवर टंकला तर तो जुळणार नाही, आणि सदस्याला कारण कधीच उमगणार नाही. आकड्यांचेही तसेच आहे : 'यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय' या कोलेशनला देवनागरी १ आणि रोमन लिपीबरोबर वापरला जाणारा एक सारखे वाटतात, पण हॅशला ते वेगळेच असतात.

म्हणून हॅश करण्यापूर्वी एनएफसी करावे आणि 'अ' अधिक अर्धचंद्र ही जोडी 'ॲ'मध्ये बदलावी. नोंदणीच्या आणि लॉगिनच्या वेळी हेच नियम तंतोतंत लावावेत. आणखी एक गोष्ट : बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच विचारात घेतो आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, ३ बाइट घेते. म्हणजे २४ चिन्हांनंतरचे सगळे वाया जाते. मराठीत लांब पासवर्ड चालू द्यायचे असतील तर आर्गॉन२आयडी ही हॅशची दुसरी पद्धत निवडावी.

शेवटी चुकून पडलेल्या रिकाम्या जागेचे काय?

मायएसक्यूएलची जुनी कोलेशने तुलना करताना शेवटची जागा दुर्लक्षित करतात, आणि 'यूटीएफ८एमबी४_बिन' हेही तसेच करते. '०९००' असलेली नवी कोलेशने करीत नाहीत. नावाच्या कडेची जागा कोडमध्येच छाटावी. पासवर्डची छाटू नये, वर सांगितलेले एनएफसी आणि 'ॲ'चे नियम सोडले तर तो जसा आला तसाच हॅशकडे जावा.

जुन्या कोडमध्ये बरोबरीच्या चिन्हाऐवजी 'लाइक' वापरले आहे. ते चालेल का?

ते आजच काढावे. 'लाइक'मध्ये टक्क्याचे चिन्ह म्हणजे 'काहीही' असा अर्थ होतो. उघड्या पासवर्डच्या तक्त्यावर 'लाइक' असेल तर पासवर्डच्या चौकटीत केवळ टक्क्याचे चिन्ह टंकून कोणाचेही खाते उघडते.

बदल केल्यावर काय काय तपासून पाहावे?

एक चाचणी खाते उघडावे, ज्याच्या नावात एक मोठे अक्षर आहे आणि पासवर्डमध्ये दोन. नाव सगळे लहान, सगळे मोठे आणि मिश्र असे टंकून पाहावे. तिन्ही वेळा लॉगिन झाले पाहिजे. पासवर्ड कॅप्स लॉक लावून, एकच अक्षर बदलून, शेवटी जागा सोडून आणि केवळ टक्क्याचे चिन्ह देऊन पाहावा. चारही वेळा नकार आला पाहिजे, आणि नाव चुकले की पासवर्ड चुकला हे न सांगता एकाच शब्दांत आला पाहिजे. त्याच नावाचे मोठ्या अक्षरांतील दुसरे खाते उघडण्याचा प्रयत्न करावा. ते उघडता कामा नये. खूण असलेले डिसोझा आणि 'ॲ'ने सुरू होणारे एक मराठी नाव घेऊन हीच फेरी पुन्हा करावी, एकदा संगणकावरून आणि एकदा मोबाइलवरून.

सदस्यांना हा बदल कसा कळवावा?

ज्या दिवशी बदल लागू होईल त्या दिवसापासून, आजवर चुकीच्या अक्षरांत पासवर्ड टंकूनही आत येणाऱ्या काही सदस्यांना अडथळा येणार, हे धरूनच चालावे. त्यांना आठवडाभर आधी सांगावे आणि पासवर्ड नव्याने ठेवण्याची सोय त्यापूर्वीच चालवून पाहावी. वर सांगितलेल्या वाचनालयाने देवघेवीच्या टेबलावर लावलेली सूचना मला पुरेशी वाटली : "सोमवारपासून संकेतस्थळावर पासवर्ड टंकताना मोठी व लहान इंग्रजी अक्षरे आपण ठेवली होती तशीच द्यावीत. सदस्य नावात असा फरक नाही. अडचण आल्यास 'पासवर्ड विसरलो' येथे जावे किंवा ग्रंथपालांना भेटावे. आपला पासवर्ड ग्रंथपालांनाही सांगू नये."